नागर तरुणाची हौस आणि तिचा व्यासंग : गौतम राजाध्यक्ष यांच्या कलाजीवनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नागपुरास शिकावयास गेलेले माजी विद्यार्थी महाविद्यालयात भेटावयास येतात. दोन वर्षांपूर्वी पांढऱ्या सदऱ्यात वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा आता निराळाच दिसतो. केसांची ठेवण बदललेली असते, कानात गाणे चालू असते, गळ्यात कॅमेरा असतो. बोलण्यात कुठल्यातरी चित्रप्रदर्शनाचा उल्लेख येतो. तो नमस्कार करून निघून गेला, की प्राध्यापक कक्षात एखादा शेरा उमटतो, "शहराचे वारे लागले!" आपण सारे हसतो आणि आपापल्या तासाला जातो. हा शेरा प्रस्तुत लेखकानेही अनेकदा मारलेला आहे.

या शेऱ्यात एक गृहीतक दडलेले आहे. फॅशन, संगीत, चित्रकला आणि छायाचित्रण या शहरी तरुणाच्या हौशी म्हणजे शिक्षणाच्या वाटेवरील अडथळे होत. त्या वयाबरोबर येतात आणि नोकरी लागली की जातात, असे आपण मानतो. हे गृहीतक तपासून पाहणे, हाच या लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी मुंबईचे विख्यात छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे उदाहरण निवडले आहे, कारण या चारही हौशी त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या आणि त्यांतूनच त्यांचे जीवितकार्य उभे राहिले. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर असलेल्या झरी जामणीसारख्या तालुक्यातील अध्यापकांच्या दृष्टीने या उदाहरणाचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

हौस, शौक, नाद, छंद आणि व्यासंग :

मराठी भाषेने या वृत्तीसाठी एक नव्हे, अनेक शब्द राखून ठेवले आहेत. 'हौस' हा शब्द अरबी-फारसीतील 'हवस' या शब्दावरून आला. हिंदीत त्याला वासनेचा गडद रंग आहे. मराठीत मात्र तो निष्पाप झाला. आपण हौसेने सण करतो, हौसेने दागिना घडवितो आणि 'हौसेला मोल नाही' असे म्हणून हिशेबाची वही मिटवितो. 'शौक' हाही अरबीतून आलेला शब्द. त्यात थोडी ऐट आणि थोडा खर्च अभिप्रेत असतो. 'नाद' म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे सुटता न सुटणारी ओढ. एखाद्याला 'नाद लागला' असे म्हणताना आपण काळजीही व्यक्त करतो. 'छंद' या शब्दात आवड आहे आणि वृत्तबद्धताही आहे. शेवटचा शब्द 'व्यासंग'. त्यात सातत्य, अभ्यास आणि चिकाटी यांची अपेक्षा असते.

या शब्दांकडे क्रमाने पाहिले, तर एक प्रवास दिसतो. हौस क्षणाची असते, छंद फावल्या वेळाचा असतो, व्यासंग आयुष्याचा असतो. तथापि व्यासंगाचा आरंभ बहुधा हौसेतच होतो. ज्याला मुळात हौसच नाही, त्याला व्यासंग शिकविता येत नाही, हा आपला वर्गातील नित्याचा अनुभव आहे. म्हणून हौस चांगली की वाईट, या प्रश्नापेक्षा हौसेचा व्यासंग कोणत्या परिस्थितीत होतो, हा प्रश्न अध्यापकासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

मुंबईतील पार्श्वभूमी :

नागर हौशींना एक इतिहास असतो. मुंबईचा विचार केला, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील चार वर्षे या दृष्टीने लक्षणीय आहेत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षी कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आरंभीचे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार पुढे आले. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून छायाचित्रणात रमले. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, तीच पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून ख्यातनाम झाली. कापड, कॅमेरा आणि कुंचला या तिन्ही गोष्टी या शहरात जवळपास एकाच वेळी रुजल्या.

या घटनांशी आपल्या भागाचा संबंध नाही, असे मात्र नाही. मुंबईच्या गिरण्यांना आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांना लागणाऱ्या कापसाचा मोठा वाटा वऱ्हाडातून जात असे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद लोहवाटही विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच घातली गेली. शहराच्या फॅशनचा पहिला धागा आपल्या काळ्या मातीतून निघालेला आहे. शहराने त्याला आकार दिला आणि भाव लावला.

संगीत आणि फॅशन यांचे नाते तर मराठी समाजाने बालगंधर्वांच्या रूपाने प्रत्यक्ष अनुभवले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांनी १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून रंगभूमीवर पदार्पण केले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील लुगडे नेसण्याची पद्धत, केशरचना आणि दागिने यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत असत. प्रेक्षक गाणे ऐकावयास जात आणि परतताना नेसण्याची नवी रीत घेऊन येत. या दोन गोष्टी त्यांना निरनिराळ्या वाटत नव्हत्या. आज तरुणाच्या मोबाईलमध्ये गाणे आणि वेशभूषा एकाच पडद्यावर येतात, तेव्हा आपण ज्याला नवे खूळ म्हणतो, त्याला शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पूर्वज आहेत.

गौतम राजाध्यक्ष : हौसेपासून व्यवसायापर्यंत :

गौतम राजाध्यक्ष यांचा जन्म १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत एका मराठी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि तेथेच सुमारे दोन वर्षे अध्यापन केले. आपल्या दृष्टीने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे ज्यांचे नाव चित्रपटसृष्टीतील देखण्या चेहऱ्यांशी कायमचे जोडले गेले, ते आरंभी आपल्यासारखेच महाविद्यालयीन अध्यापक होते. १९७४ साली ते लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात रुजू झाले आणि कालांतराने त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम आणि जॅकी श्रॉफ यांच्या छायाचित्रांपासून त्यांचे फॅशन आणि व्यक्तिचित्रणाचे काम सुरू झाले. नोकरी सोडून पूर्णवेळ छायाचित्रणाकडे ते वळले ते १९८७ साली.

नोकरीत शिरल्यापासून ती सोडीपर्यंत तेरा वर्षे गेली, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. हौसेच्या भरात घर-नोकरी सोडून निघालेल्या कलावंताच्या कथा आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे तसे घडलेले नाही. एका सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसाने शिक्षण पूर्ण केले, नोकरी केली, नोकरीतच साधनांशी ओळख करून घेतली आणि हात पुरेसा तयार झाल्यावर पाऊल उचलले.

१९९७ साली त्यांचा 'फेसेस' हा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय हिच्यापर्यंत हिंदी चित्रपटसृष्टीच्या अनेक पिढ्यांचे चेहरे त्यात आहेत. मराठीत त्यांचे 'चेहरे' हे पुस्तक आले. 'चंदेरी' या मराठी नियतकालिकाचे त्यांनी संपादन केले आणि 'बेखुदी' (१९९२) या चित्रपटाचे लेखनही केले. संगीताची त्यांना मनस्वी आवड होती. पाश्चात्त्य ऑपेराचे ते रसिक होते आणि लता मंगेशकर यांची त्यांनी टिपलेली छायाचित्रे रसिकांच्या परिचयाची आहेत. १३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

चार हौशी, एक दृष्टी :

या चार हौशी एका माणसात केवळ शेजारी-शेजारी नांदतात की एकमेकींना काही देतात, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या चारही मिळून पाहण्याची एकच शिस्त घडवितात. हे थोडे उलगडून पाहू.

(१) फॅशन : वेशभूषेची हौस असलेला तरुण नकळत कापड पाहावयास शिकतो. सुती कापडावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून ते मऊ आणि शांत दिसते. रेशमावर तोच प्रकाश ठळक चमक निर्माण करतो आणि निरीच्या प्रत्येक घडीला कड येते. काळी मखमल प्रकाश गिळून टाकते. पैठणीच्या पदरातील जर एका कोनातून उजळते आणि दुसऱ्या कोनातून मंदावते. कापडाची पारख म्हणजे प्रकाशाचीच पारख होय.

(२) चित्रकला : चित्रकार प्रकाशाला अर्थ देतो. सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम हळदणकर यांचे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील प्रसिद्ध जलरंगचित्र याचे उत्तम उदाहरण आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री ज्योतीवर दुसऱ्या हाताचा आडोसा धरते. बोटांतून लालसर उजेड झिरपतो आणि तिचा चेहरा त्या एकाच दिव्याने उजळतो. प्रकाश कोठून येतो, कोठे थांबतो आणि अंधार किती ठेवावयाचा, हे ज्याने अशा चित्रांसमोर उभे राहून पाहिले, त्याला चेहऱ्यावर दिवा कोठून टाकावा हे निराळे सांगावे लागत नाही.

(३) संगीत : संगीताचा छायाचित्रणाशी संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटतो. तथापि विलंबित ख्याल ऐकणारा श्रोता वाट पाहण्यास शिकतो. सम येणार हे त्याला ठाऊक असते आणि तरीही ती आल्याक्षणी त्याची मान हलते. चेहऱ्याचे छायाचित्र घेणाऱ्यालाही असेच थांबावे लागते. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस आधी सावध असतो, नंतर कंटाळतो, आणि मध्येच एका क्षणी स्वतःला विसरतो. तो क्षण येण्यापूर्वी बटण दाबले तर मुखवटा मिळतो; नंतर दाबले तर थकवा मिळतो.

(४) छायाचित्रण : येथे हौसेला विज्ञानाची जोड मिळते. फिल्मच्या काळात प्रकाशाने सिल्व्हर ब्रोमाईडच्या कणांवर अदृश्य प्रतिमा उमटत असे, विकासक द्रावणात त्या कणांचे धातुरूप चांदीत रूपांतर होई आणि 'हायपो' म्हणजेच सोडियम थायोसल्फेट उरलेले कण विरघळवून प्रतिमा स्थिर करी. रसायनशास्त्राच्या पदवीधराला या अंधाऱ्या खोलीत परके वाटण्याचे कारण नव्हते. आता फिल्मच्या जागी संवेदक आला. तथापि प्रकाश किती, किती वेळ आणि कोठून, हे तीन प्रश्न तसेच राहिले.

याचा अर्थ असा, की एका हौसेत मिळालेले ज्ञान दुसरीत उपयोगी पडते. ज्ञानाच्या अशा देवाणघेवाणीला आपण आंतरविद्याशाखीय दृष्टी म्हणतो आणि तिच्यावर चर्चासत्रे घेतो. तरुण मुलगा मात्र ती नाव न देता जगत असतो.

मर्यादांचा विचार :

या उदाहरणाचा गौरव करताना दोन आक्षेपांची नोंद घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप संधीचा. राजाध्यक्ष यांच्याभोवती मुंबई होती. जाहिरातसंस्था, नियतकालिके, प्रदर्शने आणि मैफली हाकेच्या अंतरावर होत्या. प्रसिद्ध लेखिका आणि संपादक शोभा डे या त्यांच्या नात्यातील होत्या. हौसेचा व्यासंग होण्यासाठी वेळ, साधन, संगत आणि जाणकाराची दाद या चार गोष्टी लागतात, आणि त्या सर्वांना सारख्या मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप सौंदर्याच्या कल्पनेचा. चित्रपट आणि जाहिरात यांच्या छायाचित्रणात चेहरा देखणा करून दाखविला जातो. सुरकुत्या, घाम, उन्हाने रापलेली कातडी यांना तेथे फारसे स्थान नसते. अशी चित्रे सतत पाहणाऱ्या ग्रामीण तरुणाला आपला आणि आपल्या माणसांचा चेहरा उणा वाटू लागण्याचा धोका असतो. हा धोका खरा आहे. परंतु त्यावर उपाय म्हणजे त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेणे नव्हे. त्याच कॅमेऱ्याने आपल्या माणसांकडे कसे पाहावे, हे त्याला शिकविता येते.

झरी जामणीच्या संदर्भात :

आमचा तालुका कोलाम आणि गोंड आदिवासींचा, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि मराठी, कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषांच्या सहवासाचा. येथे कलादालन नाही. म्हणून या चार हौशी येथे नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना बेगड लागते, पाठीवर झूल चढते, माथ्यावर बाशिंग बांधले जाते, आणि कोणाची जोडी अधिक सजली याची चर्चा आठवडाभर चालते. ही फॅशनच होय. तोरणाखाली झडत्या रंगतात, दंडारीत पाय थिरकतात, तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजनाचा ठेका रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो. हा संगीताचा वारसा आहे. छायाचित्रण तेवढे नवे आहे, आणि तेही आता मोबाईलच्या रूपाने घरोघरी पोहोचले आहे. शहरात गेलेला आमचा विद्यार्थी रिकाम्या हाताने जात नाही. हे सारे घेऊन जातो.

येथे एक वैयक्तिक अनुभव नमूद करणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी बी. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मोबाईलमधील एक छायाचित्र दाखविले. त्याची आजी शेतात कापूस वेचीत होती. मागे दुपारचे पांढरे आभाळ, आणि आजीचा चेहरा पूर्ण काळा. त्याने विचारले, "सर, आजीचं तोंड काळं काऊन येते? ती इतकी काळी नाही." उत्तर ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचे कबूल करण्याऐवजी, "अगोदर परीक्षेचे पाहा," असे सांगून मी त्याला वाटेस लावले. त्याने पुन्हा काही विचारले नाही. पुढे तो पुण्यास गेला. दिवाळीच्या सुट्टीत गळ्यात कॅमेरा घालून आलेला आणि ज्याच्या पाठीमागे आम्ही हसलो, तो हाच विद्यार्थी.

या लेखाच्या निमित्ताने छायाचित्रणाविषयी वाचन करताना त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेत बसविण्याचा प्रयत्न करतो. आभाळ फार उजळ असले, की तो एकूण प्रकाश कमी करतो; आभाळ नीट येते आणि चेहरा काळवंडतो. उपाय तीन आहेत. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून प्रकाश त्याच्यापुरता मोजावा, माणसाला वळवून उजेड समोरून घ्यावा, किंवा एखादी पांढरी वस्तू जवळ ठेवून तिच्यावरून परतणारा उजेड चेहऱ्यावर पडू द्यावा. शहरातील छायाचित्रकार त्यासाठी पांढरा फलक किंवा छत्री वापरतो. त्या आजीच्या पायाशी वेचलेल्या कापसाचा ढीग होता. तिला त्या ढिगाजवळ बसवून, आभाळाकडे पाठ न ठेवता, खाली वाकून चित्र घेतले असते, तर तिच्याच कापसाने तिचा चेहरा उजळला असता.

ते उत्तर देण्यास महागडे साधन लागले नसते. पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यास विचारले असते, तरी पुरेसे होते.

अध्यापकांसाठी काही सूचना :

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन पातळीवर काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत, असे वाटते. पहिली म्हणजे मार्गाची माहिती. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळेतच देता येतात. नागपूर येथे शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, मुंबईत उपयोजित कलेचे शासकीय शिक्षण मिळते, आणि पुण्याच्या फिल्म संस्थेत (स्थापना १९६०) चलच्छायाचित्रणाचे शिक्षण दिले जाते. ही नावे आपल्या समुपदेशनाच्या यादीत पोलीस भरती आणि बी. एड. यांच्या शेजारी असावयास हवीत. दुसरी गोष्ट संगतीची. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील पोळा, दंडार, विहिरी, घरांची बांधणी आणि वृद्धांचे चेहरे यांचे छायाचित्रांद्वारे दस्तऐवजीकरण करता येईल. प्रत्येक चित्राखाली माणसाची संमती घेऊन नाव, गाव आणि त्याच्याच बोलीतील दोन वाक्ये लिहिण्याची अट घातली, तर भाषा, समाजशास्त्र आणि छायाचित्रण यांचा अभ्यास एकत्र होईल. तिसरी गोष्ट दादेची. विद्यार्थ्याने दाखविलेले चित्र नीट पाहून त्यात काय साधले आणि काय चुकले हे सांगणे, एवढे प्रत्येक अध्यापकास शक्य आहे.

समारोप :

हौस ही शिक्षणाची शत्रू नसून शिक्षणाचा पहिला, अनौपचारिक वर्ग होय, हे गौतम राजाध्यक्ष यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. रसायनशास्त्राचा अभ्यास, संगीताचा कान, वस्त्राची पारख आणि चित्राची दृष्टी यांनी मिळून एक छायाचित्रकार घडला. मुंबईने त्यांना संगत आणि दाद दिली. झरी जामणीत ती देणारे कोणी असेल, तर ते अध्यापकच असतील. हौस किती काळ टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. पुष्कळ हौशी विरून जातात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ती व्यासंगाकडे वळण्याच्या क्षणी एखादा प्रश्न घेऊन आपल्यासमोर उभी राहते. त्या क्षणी उत्तर ठाऊक नसेल, तर "मलाही ठाऊक नाही, आपण मिळून शोधू," एवढे म्हणणे पुरेसे असते.

यंदा दिवाळीत तो विद्यार्थी पुन्हा आला, तर त्याला ते जुने छायाचित्र मागून घ्यावयाचे आहे. कापसाच्या ढिगाविषयी त्याला आता बहुधा माझ्याहून अधिक ठाऊक असेल. तरीही त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी आहे.